भोपळा वेदीजवळ ठेवून

अड्यारमधल्या एका गच्चीवर भोपळ्याचा वेल एका पिशवीतून निघाला आणि शेजारच्या पिशवीतल्या टोमॅटोवर जाऊन बसला.

गिंडीतल्या एका वर्कशॉपच्या दारावर पाटी आहे: कृपया मालकाशी वाद घालू नये. मालक आत वाद घालत असतो.

मिरजेतल्या एका नर्सनं चहा पिताना फोनवर "आमेन" टाइप केलं. कशाला, ते नीट वाचलं नव्हतं.

एग्मोरमधल्या एका शाळेचा हॉल रविवारी तीन ते सहा उपासनेला मिळतो. सहानंतर कराटे.

तंजावरला राजसबाईंनी डोळे पुसले, चष्मा परत लावला आणि भावाला हाक मारली.

एका बंद लिफ्टसमोर दोन बायका उभ्या होत्या. लिफ्ट बंद आहे हे दोघींना ठाऊक होतं. पण जिन्यानं जायचं तर एकत्र चढावं लागलं असतं.

आता क्रमानं. जमेल तितकं.

सुनीती कसबे मूळची नगरची, चार पिढ्यांची ख्रिस्ती. नवरा उदयसिंह रेल्वेतून निवृत्त झाला आणि तेव्हापासून कुठेही वेळेवर पोचत नाही. समोरच्या दारात कृष्णवेणी राहते. गणिताची निवृत्त शिक्षिका, तंजावरी मराठी घरातली, सुनीतीपेक्षा मोठी, म्हणून अक्का. अक्कांचे पूर्वज राजांबरोबर दक्षिणेत आले आणि परत जायचं विसरले, असं उदयसिंह त्यांच्यासमोरच म्हणतो. त्यावर अक्का म्हणतात, "विसरले नाहींत. इथली कॉफी चांगली निघाली."

सुनीतीला अक्कांची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी वाटते. अक्कांना सुनीतीची मराठी टीव्हीवरच्या बातम्यांसारखी. दोघी संध्याकाळी गच्चीवर. एकीच्या देवाला तुळस लागते, दुसरीच्या देवाला काही लागत नाही, म्हणून तिनं भोपळा लावला.

गच्चीवरच अक्कांनी तिला सांगितलं. श्रीनिधीनं, त्यांच्या मुलीनं, ठरलेल्या लग्नाला नकार दिलाय. कोइमतूरचा मुलगा, हॉल ठरलेला. श्रीनिधीचे वडील राघोत्तम चार दिवस तंजावरला, बहिणीकडे गेलेत. त्यांना अजून माहीत नाही. सोमवारी आले की कॉफीबरोबर सांगणार.

"तुझ्यांतच ठेव, सुनीती."

"हे काय सांगणं झालं, अक्का?"

सुनीती खाली आली. चप्पलसुद्धा काढली नव्हती. आणि चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर लिहिलं:

प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या शेजारी कृष्णवेणीबाई यांची कन्या श्रीनिधी हिच्या मोडलेल्या विवाहासाठी कळकळीनं प्रार्थना करावी. बाब खासगी आहे.

पुढे जोडलेले हात. तीन वेळा.

खासगी बाब रात्रीपर्यंत वेल्लोरला पोचली. तिथून मिरजेला. मिरजेतल्या त्या नर्सची जुनी मैत्रीण तंजावरला, राजसबाईंच्या गल्लीत राहते. राजसबाई म्हणजे राघोत्तमांची बहीण. त्यांनी चष्मा लावून तो निरोप भावाला मोठ्यानं वाचून दाखवला, जोडलेल्या हातांसकट.

बापाला मुलीचं लग्न मोडल्याचं प्रार्थनेतून कळलं.

सोमवारी अक्कांनी दार उघडलं, "सुनीतीबाई" म्हणाल्या, आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून भोपळ्याला सकाळी अक्का पाणी घालत आणि संध्याकाळी सुनीती. भोपळ्याला भांडण कळलं नाही. काही आठवड्यांत तो दुप्पट झाला.

बुधवार

बुधवारचा शास्त्रपाठ सुनीतीच्या घरी भरतो. त्याचा एक नियम आहे. जे वचन घेतलंय ते ज्यानं त्या आठवड्यात घरी करून पाहिलं नाही, त्यानं त्याचा अर्थ सांगायचा नाही. हा नियम गिरीधरनं आणला. तोच तो पाटीवाला, गिंडीत लेथ मशीनचं वर्कशॉप चालवणारा. अर्थ सांगायला लागलं की त्याला झोप येते.

"दुसरा गाल पुढे केला होता," गिरीधर मागे एकदा म्हणाला होता. "सप्लायरनं माल उशिरा दिला. मी म्हटलं, हरकत नाही. त्यानं पुढचाही उशिरा दिला. माझे गाल संपलेत."

उदयसिंहनं उद्याची चिंता करू नका हे करून पाहिलं होतं. त्या दिवशी पाण्याचा टँकर सांगायचा राहिला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीनं चिंता केली.

या बुधवारी कौमुदी पाळकबाईंनी सुगीच्या सणाचं वचन आणलं होतं. सण येत्या रविवारी. पाळकबाई नव्या आहेत, कोल्हापूरच्या, वयानं सगळ्यांत लहान. स्कूटरवरून येतात, हेल्मेट पियानोवर ठेवतात.

"अर्पण घेऊन वेदीजवळ आलात," त्या म्हणाल्या, "आणि तिथं आठवलं की कुणाच्या मनात तुमच्याविषयी काहीतरी आहे. तर अर्पण तिथंच ठेवायचं. आधी जाऊन समेट करायचा. मग येऊन अर्पण वाहायचं."

"म्हणजे आपण कुणावर रागावलो असू तर," गिरीधर म्हणाला.

"नाही. कुणी तुमच्यावर रागावलं असेल तर."

गिरीधर जरा सरळ बसला. "हे वेगळं आहे."

"हो."

"मी ज्यांच्यावर रागावलोय ते एका हाताच्या बोटांवर मावतात, पाळकबाई. माझ्यावर रागावलेत त्यांना अख्खं गिंडी लागेल."

"सुरुवात घरापासून करा."

"घर तिकडे आवडी गावाला. भावाकडे. चार वर्षांत गेलो नाही."

उदयसिंहनं विचारलं, "आणि ज्याच्यावर कुणीच रागावलेलं नाही, त्यानं?"

"अहो, तुम्ही गप्प बसा," सुनीती म्हणाली.

"सापडली एक," उदयसिंह म्हणाला.

सगळे हसले. सुनीतीही हसली, आणि मग समोरच्या फ्लॅटच्या दाराकडे पाहिलं. आपल्या दाराला काच नाही, तरी पाहिलं.

वचनात जे लिहिलेलं नाही

भाऊ घरी नसला तर काय.

भाऊ म्हणजे बहीण असली तर काय. ती दुसऱ्या धर्माची असली तर काय. (यावर पाळकबाई म्हणाल्या, "चालेल." एवढंच.)

अर्पण नाशवंत असलं तर काय. एकानं मासे आणले होते.

एग्मोरहून अड्यारला रविवारी रिक्षावाला किती मागेल.

जाताना काय बोलायचं ते कुठं ठरवायचं, रिक्षात की जिन्यात.

आणि ती म्हणाली, नाही, मला समेट करायचा नाही. तर परत येऊन त्या अर्पणाकडे कसं पाहायचं.

रविवार

हॉलमधल्या टेबलावर केळ्यांचा घड, शेवग्याच्या शेंगा, दोन केक, नारळ, बर्फातले मासे, पाय बांधलेली एक जिवंत कोंबडी आणि मधोमध भोपळा. उपासनेनंतर याचा लिलाव होतो. पण आधी वचन.

पाळकबाईंनी ते वाचलं आणि खाली बसल्या. त्यांची अपेक्षा अशी होती की लोक मिनिटभर डोळे मिटतील, मन हलकं करतील, आणि घरी गेल्यावर कुणाला तरी फोन करतील. सगळीकडे असंच होतं.

पण बुधवारच्या माणसांना सवय वेगळी लागली होती.

गिरीधर उठला. "आवडी," म्हणाला, गाडीची किल्ली काढली आणि गेला.

मागून दोघी गेल्या. मग एक अख्खं कुटुंब, केक तिथंच ठेवून. मासेवाला माशांकडे पाहत पाहत गेला. पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ शेजारच्या खुर्चीकडे वळले आणि म्हणाले, "मला लांब जायला नको." शेजारच्यानं हात पुढे केला. दोघांच्या भांडणाचं कारण दोघांनाही आठवेना, त्यावरून नवीन वाद सुरू झाला, पण तो प्रेमाचा होता.

हॉल रिकामा होत चालला. पाळकबाई उभ्या राहिल्या, बसल्या, परत उभ्या राहिल्या. मग फोन घेऊन जिन्यात गेल्या. बाहेर ऐकू आलं, "आई, मी बोलतेय. ठेवू नकोस."

सुनीतीनं भोपळ्यावर हात ठेवला.

"जा," उदयसिंह म्हणाला.

"तुम्ही नाही येत?"

"कोंबडीजवळ कुणीतरी पाहिजे. शिवाय माझ्यावर रागावलेली एकच व्यक्ती आहे, ती आत्ता रिक्षा शोधायला चाललीय."

दार

दार श्रीनिधीनं उघडलं. केस ओले, हातात डोशाची ताटली.

"अम्मा, प्रार्थनावाल्या मावशी."

आतून आवाज आला, "मीं घरांत नाहीं म्हण."

"अम्मा म्हणतेय, ती घरात नाही," श्रीनिधी म्हणाली आणि दार पूर्ण उघडलं.

"मी समेट करायला आले आहे," सुनीती म्हणाली. रिक्षात हे वाक्य बरं वाटलं होतं. इथं ते महापालिकेच्या नोटिशीसारखं वाटलं.

अक्का हात पुसत बाहेर आल्या. "आत्तां तुमची उपासना असते. मध्येंच उठून आलांत?"

"अर्पण तिथं ठेवून आले. शास्त्रात असं लिहिलंय की—"

"म्हणजे लिहिलं नसतं तर आला नसतां."

"नसते आले," ती म्हणाली. "हिंमत नव्हती."

अक्कांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "बसा."

सुनीती खुर्चीच्या कडेवर बसली. "मी प्रेमानं केलं होतं, अक्का."

"ठाऊक आहे. तेंच तर. वाकड्यांत शिरून केलं असतंत तर जिन्यांत उभी राहून चार शब्द बोललें असतें, मोकळी झालें असतें. प्रेमानं केलेल्याला काय बोलायचं? इतके दिवस शब्द शोधतें आहें."

"चुकलंच माझं."

"देवाला सांगायचं होतं तर ग्रुप कशाला? त्याला तुमचा फ्लॅट सांपडत नाहीं?"

"आमच्यात असं आहे की दोघं-तिघं मिळून मागितलं तर—"

"दोघं-तिघं. तुम्हींच मागें सांगितलं होतंत, माझ्या लक्षांत आहे. दोघं-तिघं. वेल्लोर आणि मिरज नाहीं."

स्वयंपाकघरात तव्यावर पीठ पडल्याचा आवाज झाला. सुनीतीनं रिक्षात जुळवलेली सगळी वाक्यं एकदा तपासली. एकही कामाचं नव्हतं.

"खरं सांगू का," ती म्हणाली. "लिहिताना मला बरं वाटत होतं. बातमी माझ्याकडे होती, सगळ्यांच्या आधी. लोक विचारतील, मी थोडंच सांगीन, असं काहीतरी डोक्यात होतं. प्रार्थना नंतर करणार होते."

"केलीत ना?"

"नाही. झोप लागली."

स्वयंपाकघरातून श्रीनिधीचं हसू बाहेर आलं, आधी दाबलेलं, मग न दाबलेलं. अक्कांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. सुनीतीला कळेना त्या रडतायत की काय.

"माझ्या मुलीसाठीं अर्धा महाराष्ट्र गुडघ्यांवर," अक्का म्हणाल्या, पदराआडून, "आणि जिनं सांगितलं ती घोरत होती."

"माफ करा, अक्का."

हसू ओसरलं. अक्का खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "यांना माझ्या तोंडून कळायचं होतं. सोमवारीं. मीं वाक्यसुद्धां तयार केलं होतं."

"काय वाक्य?"

"आतां आठवत नाहीं. चांगलं होतं."

सुनीतीनं खुर्ची थोडी अक्कांकडे सरकवली.

श्रीनिधी डोसा घेऊन आली आणि न विचारता सुनीतीच्या हातात दिला. "अप्पा आता बरे आहेत, मावशी. पहिल्या आठवड्यात बोलले नाहीत. नंतर म्हणाले, मुलगा त्यांनाही आवडला नव्हता, फक्त कुणी विचारलं नव्हतं."

"कुठं आहेत ते?"

"गच्चीवर. तुमचा भोपळा कुणी चोरला म्हणून शोधतायत."

सुनीतीचा घास तोंडातच राहिला.

अक्का वळल्या. "अर्पण काय ठेवलंत, सुनीतीबाई?"

"भोपळा."

"सकाळचं पाणी कोण घालत होतं?"

"तुम्ही."

"म्हणजे समेट करायला आलांत, आणि येतांना माझा अर्धा भोपळा मला न विचारतां तुमच्या देवाला देऊन आलांत."

यावर शास्त्रात काही नाही. सुनीती म्हणाली, "हो."

"फोन काढ," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"फोन काढ ग. मीं सांगतें तें लिही. तोच ग्रुप."

निरोप

तो जसा गेला तसा:

प्रिय बंधुभगिनींनो, मागील निरोपात चूक आहे. श्रीनिधीचं लग्न मोडलं नाही, तिनं मोडलं. मुलगा वाईट नाही, पण तो हिचं बोलणं संपायच्या आत आपलं सुरू करतो. श्रीनिधी बरी आहे. तिच्यासाठी प्रार्थना थांबवावी. त्याऐवजी भगिनी सुनीती कसबे हिला तोंड मिटून ठेवण्याची शक्ती मिळावी म्हणून कळकळीनं प्रार्थना करावी. बाब खासगी नाही. हवी तितकी पुढे पाठवावी. कृष्णवेणी.

("श्रीनिधी बरी आहे" याच्या पुढचं "वजन वाढलं आहे" हे वाक्य श्रीनिधीनं काढायला लावलं.)

सुनीतीनं अंगठा बटणावर ठेवला. थोडा वेळ तिथंच राहिला. मग दाबलं.

पहिलं आमेन उदयसिंहचं आलं. तो ग्रुपवर कधी काही लिहीत नाही. दुसरं पाळकबाईंचं. मग वेल्लोर. मग मिरज, या वेळी वाचून, कारण पुढे हसरा चेहरा होता. मग अशा अशा लोकांची आमेन आली की सुनीतीला कळेना, आपल्यासाठी इतक्या मनापासून प्रार्थना करायला हे सगळे केव्हापासून तयार बसले होते.

"श्रीनिधी, माझी चप्पल कुठं आहे?" अक्का म्हणाल्या. "भोपळ्याला जायचं आहे."

परत

रिक्षात राजसबाईंचा फोन आला. तंजावरहून, मोठ्यानं. रिक्षावाल्यालाही ऐकू आलं.

"कृष्णवेणी, कोण ग ही सुनीती? तिला काय झालंय?"

अक्कांनी शेजारी पाहिलं. "फार बोलत होती. आतां बरी आहे."

हॉलमध्ये कराटेचे मास्तर पांढऱ्या कपड्यांत दारात उभे होते आणि घड्याळ दाखवत होते. पाळकबाई त्यांना केक खायला घालून वेळ काढत होत्या. डोळे लाल, पण चेहरा धुतल्यासारखा. "आईनं ठेवला नाही," त्या सुनीतीला म्हणाल्या. "शिव्या दिल्या. पण ठेवला नाही."

गेलेले परत आले होते, आणि एकटे नव्हते. कुणाची बहीण, कुणाचा घरमालक, कुणाची जुनी सून. मासेवाल्याबरोबर तर चौघे होते. खुर्च्या कमी पडल्या. गिरीधर मात्र एकटाच आला.

"भेटला?" उदयसिंहनं विचारलं.

"दार उघडलं. म्हणाला, विचार करतो, पुढच्या रविवारी ये."

"मग?"

"मग काय. जाईन. चार वर्षांनी दार तरी पाहिलं. हिरवा रंग दिलाय. भयाण दिसतो. बोललो नाही मी तसं." त्यानं गाडीची किल्ली खिशात टाकली. "बोललो थोडं."

अक्का टेबलापाशी गेल्या. भोपळ्यावरची धूळ पदरानं पुसली. "अर्धा माझा आहे. माझा मीं माझ्या हातानं ठेवणार."

पाळकबाई म्हणाल्या, "ठेवा की. कापायला सुरी आणते."

"बाईमाणसानं अख्खा भोपळा चिरायचा नसतो. पहिली सुरी पुरुषाची. मग पुढं आम्ही."

"आमच्यात असलं काही नाही, अक्का," सुनीती म्हणाली.

"मग चीर."

सुनीतीनं सुरी घेतली. भोपळ्यावर टेकवली. "आमच्या आईनंही कधी अख्खा चिरला नाही," ती म्हणाली, आणि सुरी नवऱ्याकडे दिली.

"चार पिढ्या," उदयसिंह म्हणाला. "चार पिढ्या बाप्तिस्मा." आणि त्यानं भोपळा चिरला. आतून तो शेंदरी निघाला, बिया गच्च भरलेल्या. दोघींनी आपापला अर्धा टेबलावर ठेवला. एकीनं डोळे मिटले. दुसरीनं हात जोडले आणि पुटपुटली, कुणाला ते तिचं तिला.

लिलाव कराटेच्या मास्तरांसमोरच उरकला. त्यांनी कोंबडी घेतली. मासे कुणालाच नको होते, शेवटी माशांचा मालकच घेऊन गेला. गाणी म्हणताना, जागा नव्हती म्हणून, अक्का आणि सुनीती एकाच खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसल्या.

दुसऱ्या गाण्याच्या मध्ये अक्का सुनीतीच्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी सांगू लागल्या. बराच वेळ सांगत होत्या. श्रीनिधीचं नाव दोनदा आलं. सुनीतीनं मान हलवली. एकदा डोळे मोठे केले. मग अक्कांचा हात हातात धरून ठेवला.

तिची पर्स मांडीवर होती, फोन पर्समध्ये. पर्सची चेन तिनं शेवटपर्यंत लावलेली ठेवली.

घरी जाताना उदयसिंहनं विचारलं, "काय सांगत होत्या अक्का?"

"काही नाही."

"एवढा वेळ काही नाही?"

"काही नाही हो."

उदयसिंहनं तिच्याकडे पाहिलं, आणि खिशातून फोन काढून ग्रुपवर लिहिलं, प्रार्थना ऐकली गेली.

सुनीती या इमारतीत राहायला आली त्या दिवशी गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, आणि मोटार बंद करा, हे ती कृष्णवेणीशी बोलली ते पहिलं वाक्य. स्वतःची मोटार बंद करायला तिला मात्र आजचा दिवस लागला.